फॉरमॅट मारायच्या आधी : दुरुस्तीवाल्या पोरांना खुलं पत्र

मराठवाड्यात कॉम्प्युटर आणि नेट दुरुस्त करणाऱ्या समस्त पोरांनो,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या घरचं नेट बंद पडलं. तक्रार नोंदवली, मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा, बोलायला गोड. राउटरकडे त्यानं धड बघितलंही नाही. खिशातून पिन काढली, मागच्या भोकात खुपसली आणि दहा सेकंद दाबून धरली. “काका, रिसेट मारलाय, होऊन जाईल आता.” झालं नाही. होणार कसं? समोर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे तारेतून उजेडच पोचत नव्हता. कपाटामागं फायबर काटकोनात मुडपली होती. मी कपाट चार बोटं पुढं ओढलं, लाल दिवा विझला, शेजारचा हिरवा लागला. पण नेट काही आलं नाही. त्या पिनेनं राउटरमधलं आमचं युजरनेम आणि पासवर्ड पुसून टाकलं होतं, आणि ते त्या मुलाकडंही नव्हतं. दोन दिवस गेले.

ती पिन मी चांगली ओळखतो. २००६ साली तिचं नाव फॉरमॅट होतं.

मी अंबाजोगाईचा. एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, आता निवृत्त. मीटर पुसणं, सेल बदलणं, पोरांनी जाळलेल्या कॉइल पुन्हा गुंडाळणं, यात जन्म गेला. इंजिनिअर नाही. तेव्हा पुढं जे लिहितोय ते शिकवणं समजू नका. तुमच्या धंद्यानं माझं एकदा नुकसान केलं, त्याचा हा हिशेब आहे. त्यात माझीही बाकी निघते, तीही सांगतो.

तेव्हा घरात सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर होता. विंडोज एक्सपी, चाळीस जीबीची हार्डडिस्क (तिचे सी आणि डी असे दोन भाग), आत बसवलेलं मोडेम. मोडेमची तार टेलिफोनच्या डबीत जायची. नेट लावायचं म्हणजे कनेक्शनच्या आयकॉनवर दोनदा क्लिक करायचं, मग ती खरखर, चिरचिर, आणि कोपऱ्यात दोन छोटे पडदे लुकलुकायला लागले की नेट आलं. कागदावर वेग छप्पन्न केबीपीएस. आमच्याकडं चाळीस मिळाले तरी पेढे वाटावेत असं वाटायचं. चाळीसच्या वेगानं एक एमबीची फाइल उतरायला साडेतीन मिनिटं लागतात. मुलीचा विद्यापीठाचा निकाल पाहायला आम्ही सगळे स्टुलं घेऊन बसलो होतो. वरची पट्टी आधी उतरली, मग नाव, मग बऱ्याच वेळानं मार्क.

एके दिवशी सकाळी तो आयकॉनच गायब. नेट लागत नाही ही तक्रार वेगळी. इथं लावायचं कशावर, तेच उरलं नव्हतं. नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी उघडली तर आत लॅन कार्डाचं चित्र होतं, डायल-अपच्या, म्हणजे टेलिफोनवरून नंबर लावून जोडायच्या कनेक्शनच्या, जागी पांढरं.

दुकानात फोन केला. दुकानाचं नाव घेत नाही, आता ते दुकानही नाही. मुलगा मोटारसायकलवर आला, सीपीयू मांडीवर घेऊन गेला. संध्याकाळी आणून दिला. “व्हायरस होता काका, फॉरमॅट मारावं लागलं.” म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं चढवलं. तीनशे रुपये. कनेक्शन नव्यानं बनवून दिलं होतं, नेट सुरू. मी खूश. तीन आठवड्यांनी आयकॉन पुन्हा गायब. पुन्हा मोटारसायकल, पुन्हा मांडी, पुन्हा तीनशे. यावेळी मी विचारलं होतं, “माझ्या फायली?” तो म्हणाला, “डी ड्राइव्हला काहीच होत न्हाई काका, फकस्त सी उडतंय.” बरोबरच होतं त्याचं. फक्त एक गोष्ट त्यानं सांगितली नाही आणि मला ठाऊक नव्हती. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सी ड्राइव्हवरच असते.

माझ्या डेस्कटॉपवर वडलांचा पाऊस होता.

वडील शेतकरी. अंगणात उभ्या बाजूंचा एक पत्र्याचा डबा आणि लाकडी फूटपट्टी, हे त्यांचं पर्जन्यमापक. पाऊस पडला की सकाळी डब्यात पट्टी घालून बघायचे आणि वहीत मांडायचे. रकाने महिन्यांचे नव्हते, नक्षत्रांचे होते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं हस्तापर्यंत. १९६९ पासून पंचवीस वर्षं. १९७२च्या पानावर बहुतेक रकान्यांत नुसती आडवी रेघ होती. २००३ साली ट्रंक उघडली तर वही वाळवीनं धरलेली. जेवढी पानं हाताला लागली तेवढी मी दोन महिने बसून एक्सेलमध्ये उतरवली आणि उरलेला भुगा तुळशीत टाकला. आता कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर काळजी कशाची, असं वाटलं. फॉरमॅटमध्ये ते सगळं गेलं.

इथं माझी बाकी लिहितो. सीडी राइटर घरात होता. वीस रुपयांच्या सीडीवर मी प्रत काढून ठेवली नव्हती. प्रयोगशाळेत पोरांना ‘निरीक्षणाची दुसरी प्रत काढा’ म्हणून ओरडणारा मी.

तिसऱ्यांदा आयकॉन गेला तेव्हा मी मोटारसायकल बोलावली नाही. शंभर पानी वही आणली. आमच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती : उपकरण बिघडलं की आधी हात लावायचा नाही, आधी लिहायचं. काय बिघडलं, किती वाजता, त्याच्या आधी काय झालं होतं. आयकॉन गेला की पुन्हा नवा बनवायचा, त्याला पाच मिनिटं लागत, आणि वहीत नोंद करायची. दीड महिन्यात चार नोंदी झाल्या. चौथी लिहिताना वरच्या तीन वाचल्या आणि हात थांबला. चारही वेळा आदल्या रात्री नेट चालू असताना लाईट गेली होती.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. परळीचं औष्णिक केंद्र आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, तिथली वीज आमच्या डोक्यावरच्या तारांमधून पुढं निघून जायची आणि खाली आम्ही कंदील पुसत बसायचो. वेळापत्रक पेपरात यायचं. लाईट ते वाचत नसे.

आता कारण सांगतो. एक्सपीमध्ये डायल-अप कनेक्शन म्हणजे काही अजब वस्तू नाही, एक साधी लिखित फाइल आहे. नाव रॅसफोन डॉट पीबीके. ती सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, ऑल युजर्स, अॅप्लिकेशन डेटा असं करत करत आत पीबीके नावाच्या फोल्डरमध्ये असते. अॅप्लिकेशन डेटा लपवलेलं असतं, म्हणून कुणाला दिसत नाही. नोटपॅडमध्ये उघडली की चौकटी कंसात कनेक्शनचं नाव, खाली मोडेम कुठल्या पोर्टवर आहे ते, आणि लावायचा नंबर. आयकॉन हे त्या फाइलचं नुसतं चित्र. फाइल रिकामी झाली की चित्र पुसलं जातं. मी उघडली तेव्हा ती शून्य केबीची होती. फाइलीत लिहिणं चालू असताना वीज गेली की असं होतं.

आणि खरी गंमत पुढं आहे. त्या मुलानं सी ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केला होता. असा कॉम्प्युटर अचानक बंद पडला की पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर तपासणी चालते. तुम्ही कंटाळून ती कुठलंही बटण दाबून टाळता, ते सोडा. त्या तपासणीत जे बेवारस तुकडे सापडतात ते फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकले जातात. मी तो उघडला. आत फाइल झिरो झिरो झिरो झिरो डॉट सीएचके. नोटपॅडमध्ये ओढली, आणि माझ्यासमोर चौकटी कंसात माझ्याच कनेक्शनचं नाव, खाली कॉम ३, खाली नंबर. रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “मग लावा की आता, मला कशाला उठवायलाव?”

त्या तुकड्याचं नाव बदलून जागेवर ठेवला, आयकॉन परत आला. मग चांगल्या फाइलची एक प्रत डी ड्राइव्हवर ठेवली. पुढं कनेक्शन गायब झालं की ती प्रत आणून टाकायची, एक मिनिट. तीनशे रुपये नाहीत, मांडी नाही.

तरी मूळ राहिलंच. कॉम्प्युटरला यूपीएस होता, मग लाईट गेल्यावर कॉम्प्युटर बंद का पडायचा? यूपीएसचा हिरवा दिवा लागलेला असायचा म्हणून कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. मी तो उघडला. आत बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मल्टिमीटर लावला : साडेबारा. उत्तम. मग गाडीच्या हेडलाइटचा बल्ब तिला जोडला आणि पुन्हा मीटर बघितला. काटा आठाच्या खाली. म्हातारा बैल गोठ्यात ऐटीत उभा असतो, औताला जुंपला की गुडघे टेकतो, तसलं. नवी बॅटरी बसवली. त्यानंतर आयकॉन एकदाही गेला नाही.

पोरांनो, तुमच्या दुकानात हा बिघाड सापडणं शक्यच नव्हतं. तुम्ही सीपीयू घेऊन गेलात आणि बिघाड आमच्या घरी टेबलाखाली बसून राहिला. दोन्ही वेळा दुकानात कॉम्प्युटर व्यवस्थित चालला, कारण तिथं तुमचा यूपीएस होता.

कुणी म्हणेल, हे एका घरचं झालं. खरं आहे, गायब होण्याच्या तऱ्हा अनेक. पण प्रत्येक तऱ्हेचा चेहरा वेगळा असतो, बघितला तर ओळखू येतो. खिडकी सगळीच्या सगळी रिकामी, लॅनसुद्धा नाही, तर फाइलीला दोष देऊ नये, मागं चालणारी नेटवर्क कनेक्शन्सची सेवा बंद पडलेली असते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती सुरू करायची, सोबत टेलिफोनी आणि रिमोट अॅक्सेस कनेक्शन मॅनेजर या दोघीही बघायच्या. कॉलेजातल्या एका बाबूच्या घरी हेच निघालं होतं, वेग वाढावा म्हणून त्यानं कुणाचं तरी ऐकून अर्ध्या सेवा बंद केल्या होत्या. वडलांना आयकॉन दिसतो आणि मुलाला दिसत नाही, असा एक प्रकार शेजारी झाला. तिथं तर भांडण लागलं होतं की बापानं लपवून ठेवलंय. बनवताना ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं होतं, एवढंच.

आयकॉन आहे पण लागत नाही, तेव्हा कॉम्प्युटर स्वतः नंबर सांगतो. ६८० म्हणजे डायल टोन नाही. फोन उचलून कानाला लावा. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे नाव-पासवर्ड पटलं नाही. या तिन्हीवर फॉरमॅट मारलेला मी पाहिलाय. ६८० वर फॉरमॅट म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून हंडा बदलणं.

आणि लागलेलं तुटतं, तो प्रकार पुन्हा वेगळा. तो आमच्याकडंही होता, बॅटरी बदलल्यावरही राहिला. याचं श्रेय एका लाइनमनला द्यायचंय. नाव लिहीत नाही, माणूस संकोची आहे. त्यांनी आल्या आल्या कॉम्प्युटरकडं बघितलंच नाही. आधी विचारलं, “पाऊस आल्यावर जास्त तुटतं का?” मग, “आत दुसरा फोन हाय का?” होता, देवघराच्या खोलीत, त्याच तारेवर. तो काढला. डबी उघडली तर स्क्रूवर हिरवी बुरशी. फोन खाली ठेवलेला असताना तारेवर अठ्ठेचाळीसच्या आसपास व्होल्ट असतात आणि उचलला की ते दहाच्या आत येतात, हे मला त्यांनी मीटर लावून दाखवलं. मग खांबावर चढून जोड नवा केला. मोडेम जुळताना एकतीसचा वेग दाखवायचं, ते चव्वेचाळीसला गेलं. जाताना सांगून गेले की वळवाच्या पावसात ढग वाजायला लागले की तार डबीतून उपसून ठेवा, नाहीतर मोडेम जळतंय. आम्ही ठेवत होतो. शेजाऱ्यांची दोन मोडेम जळाली.

एवढं होऊनही वीस मिनिटांनी तुटायचंच. ते मीच शोधलं. ‘काही हालचाल नसेल तर वीस मिनिटांनी तोडा’ अशी सोय कनेक्शनच्या गुणधर्मात होती. मी लांबलचक पान उघडून वाचत बसायचो, कॉम्प्युटरला वाटायचं म्हातारा झोपला.

आता जे लिहायला जड जातंय ते. त्या लाइनमनला मी काय दिलं? चहा. तीनशे रुपये मी फॉरमॅटवाल्याला दोनदा दिले, कुरकुर न करता, कारण त्यानं सीपीयू नेला, दिवसभर ठेवला, ‘काम’ केलं. त्याच मुलानं माझ्या घरी येऊन पाच मिनिटांत यूपीएसवर बोट ठेवलं असतं आणि तीनशे मागितले असते, तर मी म्हणालो असतो, “पाच मिनिटांचे कसले रे तीनशे?” मी म्हणालोच असतो. आमच्याकडं सगळे असंच म्हणतात. मोटर रिवाइंडिंगवाल्याला तांब्याच्या वजनावर पैसे मिळतात. मोटर जळली का, हे सांगणाऱ्याला काही मिळत नाही. मग तुम्ही पोरं शोधाल कशाला? शोधण्यात तुमचा दिवस बुडतो, फॉरमॅटमध्ये निघतो. एका सीडीवर एक्सपी आणि सगळी ड्रायव्हरं घेऊन तुम्ही दिवसाला पाच सीपीयू उरकायचात. तुमच्या जागी मी असतो तर दुसरं काही केलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आता मोडेम गेली, एक्सपीची देखभाल कंपनीनं २०१४ साली बंद केली. पण मागच्या आठवड्यात राउटरच्या पानावर जे नाव-पासवर्ड भरलं, ते पीपीपी या जुन्या बोलीतच पलीकडं जातं. डायल-अपची बोलीही पीपीपीच होती. फायबरच्या तारेवर तिचंच थोडं वेगळं रूप चालतं. म्हणजे चुकीचं नाव टाकलं की पलीकडून जो नकार येतो तो आमच्या ६९१ चाच नातू. त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि पिन खिशात ठेवली.

मागणं मोठं नाही. गेल्या गेल्या पिन काढू नका, दिव्यांकडं बघा. सीपीयू उचलायच्या आधी त्याच्या तारा कुठं कुठं जातात ते बघा. पुसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्याला विचारा की डेस्कटॉपवर काय आहे, आणि तो ‘काही नाही’ म्हणाला तरी स्वतः उघडून बघा. काय सापडलं ते बिलामागं एका ओळीत लिहून द्या. आणि शोधायचे पैसे वेगळे लावा, उघडपणे, दुकानात पाटी लावून. पहिले काही महिने लोक भांडतील.

माझ्यापुरतं मी सुरू करतोय. ती चाळीस जीबीची हार्डडिस्क माझ्याकडं आहे, रुंद पट्टीच्या तारेची, जुनी. फॉरमॅट म्हणजे अनुक्रमणिका फाडणं. पानं वरून नवं लिहीपर्यंत तशीच राहतात. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मारलं की सगळीकडं शून्यं लिहिली जातात, एक्सपीतलं तसं करत नव्हतं. पण त्याच डिस्कवर नंतर विंडोज चढवलं होतं आणि मी वर्षभर वापरलीही, तेव्हा बरंच मिटलं असणार हे मला कळतं. फाइल एकच होती, लहानशी, एक्सेलची. सगळी नको. १९७२चं पान मिळालं तरी पुरे.

ज्याला येतं त्यानं यावं. डिस्कची आधी जशीच्या तशी प्रत काढायची आणि शोध त्या प्रतीवर घ्यायचा, एवढी एकच अट. डिस्क घराबाहेर न्यायची नाही, शोधायचं ते माझ्या टेबलावर. शोधायचे एक हजार रुपये देईन, काही निघालं नाही तरी. यूपीएसची बॅटरी गेल्याच महिन्यात बदललीय.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर
अंबाजोगाई, जि. बीड